माझ्या मनगटावर काकांचे ठोके

पणजीत कुणाचं काही लपून राहत नाही. कोणाच्या घरी आज इसवण शिजलंय, कोणाचं लग्न कुठे अडलंय, कोणते साहेब कोणत्या पक्षातून कोणत्या पक्षात निघालेत, हे सगळं दुपारच्या जेवणाआधी गावभर झालेलं असतं. माणसाच्या छातीच्या आत काय चाललंय, एवढंच काय ते खासगी उरलं होतं. ते आता पहाटे सहा वाजता मिरामारच्या किनाऱ्यावर जाहीर होतं.

पूर्वी मिरामारला फिरायला येणारी मंडळी एकमेकांची साखर आणि बीपी विचारायची. मग २०१९ साली तिथे हाफ आयर्नमॅन झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहून, ९० किलोमीटर सायकल हाणून, वर २१.१ किलोमीटर धावणारी माणसं आम्ही याचि डोळा पाहिली. त्यांच्यासारखं काही करणं आम्हाला जमलं नाही, पण त्यांच्या अंगावर जे जे होतं ते ते हळूहळू आमच्या अंगावर आलं. टोपी, पोटऱ्यांवरचे मोजे, घड्याळ आणि छातीला बांधायचा पट्टा. आता सर्कलपाशी कुणाला ‘कसे आहात?’ विचारलं, तर तो आधी मनगट बघतो आणि मग उत्तर देतो.

माझ्याकडे घड्याळ आणि पट्टा दोन्ही भाच्याकरवी आले. तो बंगळूरला असतो, चवथीला आला होता. म्हणाला, “मामा, मनगटावरच्या हिरव्या दिव्यावर जाऊ नकोस. धावताना तो फसतो. पावलांचा ताल पकडतो आणि तेच ठोके म्हणून दाखवतो. छातीचा पट्टा खरा.” पट्टा खरा निघाला, याबद्दल माझी तक्रार नाही.

या पट्ट्याची एक अट असते. आतल्या बाजूचे दोन काळे तुकडे ओले हवेत. कोरड्या कातडीवरून हृदयाची वीज त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि तो झोपून राहतो. पाणी लावा, जेल लावा. घाईतली मंडळी सरळ जीभ लावतात. भाच्याने याचं प्रात्यक्षिक केलं ते नेमकं गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली उभं राहून.

“अरे, समोर गणपती बसलाय आणि ते काय चाटतोस?” आई स्वयंपाकघरातून ओरडली.

“आजी, कंडक्टिव्हिटी!”

“ती तुझ्या बंगळूरला. इथे आधी हात धू.”

त्यानंतर विसर्जनापर्यंत पट्टा सोवळ्यात होता. भाच्याचं विमान दुसऱ्या दिवशी, म्हणून जोडणी पहाटे मिरामारवरच उरकायची ठरली. आठ-दहा जण गोल करून पाय ताणत होते. माझा पट्टा शर्टाच्या आत कोरडा ठक्क, गाढ झोपेत. घड्याळ मात्र नव्या नोकरासारखं उत्साही. ‘सेन्सर सापडला’ म्हणालं, लगेच जोडलं गेलं, आणि सापडलेला नंबर कायमचा पाठ करून बसलं.

यात घड्याळाला तरी काय बोलायचं? यातले बरेच पट्टे अँट प्लस नावाच्या पद्धतीने बोलतात. पद्धत मूळची कॅनडातली. पट्टा सेकंदाला साधारण चार वेळा ठोक्यांचा आकडा हवेत सोडतो. कुणाला उद्देशून नाही. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. प्रत्येक पट्ट्याला १ ते ६५,५३५ यांमधला एक नंबर असतो. घड्याळाला ठरावीक नंबर दिला तर ते तेवढाच ऐकतं. शून्य दिलं, तर त्याचा अर्थ ‘कोणीही चालेल’. आणि नवा पट्टा शोधायला ते शून्य घेऊनच बाहेर पडतं. तसा हा घोळ धंद्याइतकाच जुना आहे. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बिनतारी पट्टे बाजारात आणले. त्या काळच्या पट्ट्यांना नंबरबिंबर काही नव्हता. दोघं शेजारीशेजारी धावले की घड्याळात दोघांचे ठोके मिसळून जायचे. नवं लग्न झालेल्यांना ते बरं वाटत असेल.

तर पहिल्याच दिवशी मी मिरामारहून दोना पावलाकडे निघालो. चढ लागला. माझी जीभ बाहेर, डोळ्यांसमोर काजवे, आणि घड्याळात ठोके ९६. माझं वय बावन्न. २२० मधून वय वजा करायचं या ढोबळ हिशेबाने माझी कमाल मर्यादा १६८. म्हणजे मी निम्म्याहून जरा जास्त जोरावर चढ चढत होतो. इतकं शांत हृदय असलेला माणूस इतका का धापा टाकतोय, याचा विचार करायला तेव्हा श्वास नव्हता. घरी येऊन बायकोला आकडा दाखवला. ती म्हणाली, “मग नारळ सोलायला इतकी दमछाक का होते?” बायकांना शास्त्र कळत नाही, असं त्या दिवशी माझं मत झालं.

पुढे पुढे मात्र चमत्कार होऊ लागले. मी जरा वेगाने पुढे गेलो की घड्याळावर ठोक्यांच्या जागी दोन आडव्या रेघा. हृदय बंद! थांबून, कमरेवर हात ठेवून उभा राहिलो की थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू. आधी मला वाटलं, घड्याळ विश्रांतीची किंमत शिकवतंय. मग लक्षात आलं की हृदय सुरू होतं ते नेमकं मागून आमच्या गटातले एक काका येऊन पोचले की. काका बँकेतून निवृत्त, सत्तरी ओलांडलेले, धावत नाहीत, झपझप चालतात. माझं धावून थांबणं आणि त्यांचं न थांबता चालणं यांचा सरासरी वेग एकच. एकदा शेजारी येऊन ते स्वतःच्या मनगटाकडे बघून म्हणाले, “आज एकशे चार.” माझ्याही मनगटावर १०४. ते ‘एकशे सहा’ म्हणाले, माझे १०६.

माझं हृदय काकांच्या छातीत होतं.

आता कुणीही शहाणा माणूस तिथल्या तिथे सेन्सर काढून टाकेल. पण माणसाच्या हातात दुसऱ्याचं हृदय आयतं पडलं की ते लगेच सोडवत नाही. शिवाय मी काही चोरलं नव्हतं. अँट प्लसवर कितीही घड्याळं ऐकू शकतात, मूळ मालकाचं काही कमी होत नाही. तेच ब्लूटूथवर असतं तर पंचाईत होती. जुने पट्टे ब्लूटूथवर एका वेळी एकाच घड्याळाशी बोलतात. मी आधी जोडलं असतं तर काकांच्या मनगटावर आडव्या रेघा आल्या असत्या, आणि ते थेट गोमेकॉ इस्पितळाच्या वाटेला लागले असते.

म्हणून मी ऐकत राहिलो. काय काय कळलं! मासळीच्या भावाचा विषय निघाला की काकांचे ठोके दहाने वर. खोदलेल्या रस्त्यांचा निघाला की वीसने. कॅसिनोच्या बोटींबद्दल काका तावातावाने बोलतात, पण आतून ढिम्म. आकडा हलत नाही. म्हणजे तो राग निव्वळ सभ्यतेपोटी. वृत्तपत्रांचे अग्रलेखही असे मोजता आले असते तर बरं झालं असतं.

आणि मग त्या बाई. कांपालला राहणाऱ्या, निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरे बूट, कडक इस्त्रीचा कुर्ता. रोज समोरून येतात, ‘सुप्रभात’ म्हणतात आणि जातात. काकाही ‘सुप्रभात’ म्हणतात, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. पहिल्यांदा घड्याळात ८८ चे १२१ झाले तेव्हा मला वाटलं, वाळूत पाय अडखळला असेल. दुसऱ्या दिवशी आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो होतो. बाई आल्या, सुप्रभात झालं, ८४ चे ११९. आता मुख्याध्यापिका म्हटल्यावर माझेही वाढले असते, पण ते भीतीने. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. काकांनी कधी कुणाला चकार शब्द सांगितला नसेल. आणि तो पट्टा सेकंदाला चार वेळा अख्ख्या किनाऱ्याला सांगत होता.

माझ्या घरी या प्रकरणाचे पडसाद वेगळे उमटले. माझे आकडे ॲपवरून भाच्याला दिसतात. त्याचा बंगळूरहून फोन आला, मला नाही, बायकोला. “मामी, मामा रोज सकाळी साडेसहाला बसल्याबसल्या एकशे वीसवर जातो. तिथे नक्की काय असतं?” बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मोजायला अजून सेन्सर निघालेला नाही. काका आणि बाईंचं नाव घेणं सभ्यपणाचं नव्हतं, त्यामुळे मी डॉक्टरकडे जायचं मुकाट कबूल केलं. ईसीजी झाला, सगळं सरळ आलं. डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला काही झालेलं नाही. घड्याळाला कुणाला तरी दाखवा.” बायकोचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी तीही मिरामारला आली आणि आजूबाजूला कोण कोण असतं ते नीट पाहून गेली.

पावसाळ्यात जिममध्येही हेच. शेजारच्या ट्रेडमिलवरच्या मुलीच्या बुटात पावलांवरून वेग मोजणारा फूट पॉड, त्याचा वेग माझ्या घड्याळात. मी चालत होतो आणि घड्याळ म्हणत होतं, आजवरचा सर्वोत्तम पाच किलोमीटर. तो विक्रम अजून तसाच आहे. पुसायचं बटण मला सापडत नाही.

पट्ट्याचं प्रकरण मात्र मी मिटवलं. सगळ्या लोकांपासून लांब, घरच्या गच्चीत गेलो, जुना नंबर काढून टाकला, पट्टा ओला करून बांधला (आई देवळात गेली होती) आणि पुन्हा जोडला. दोना पावलाच्या चढावर आकडा आला १७१. माझ्या हिशेबाप्रमाणे मी तीन ठोक्यांपूर्वीच संपलो होतो. काकांच्या हृदयावर मी जास्त तंदुरुस्त होतो, यात वाद नाही.

काकांना सांगावं की नाही, हे ठरेना. शेवटी मोघम सुचवलं. “काका, हे पट्टे म्हणे सगळीकडे ऐकू जातात. शेजारच्यालासुद्धा आकडा दिसू शकतो.”

काका चालता चालता थांबले. “म्हणजे... कुणालाही?”

“दहा-बारा पावलांत असेल तर.”

ते काही बोलले नाहीत. पुढचे काही दिवस पट्टा न बांधताच आले. “खाज येते हो,” म्हणाले. मी मान डोलावली. पणजीत मान डोलावण्यालाही अर्थ असतो, म्हणून अगदी थोडी.

मग एका सोमवारी बाई आल्या त्या नवं घड्याळ लावून. मुलगी अमेरिकेहून आली होती, तिने दिलं म्हणे, घड्याळ आणि सोबत छातीचा पट्टाही. सुप्रभात झालं, त्या पुढे गेल्या. काका थोडा वेळ माझ्याबरोबर गप्प चालले. मग मनगट माझ्यापुढे धरून, घसा खाकरून म्हणाले,

“तुमच्या भाच्याला विचाराल का जरा? यात दुसरा सेन्सर जोडायचा असेल तर शून्य कुठे दाबायचं असतं?”