‘दुखेल तेव्हा बघू’ हा सल्ला गरिबालाच महाग पडतो

गेल्या महिन्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तात्यांनी एक लांबलचक मजकूर टाकला. दोनच दिवसांत तो बचत गटाच्या ग्रुपवर दिसला, मग आमच्या दवाखान्यातल्या मदतनीस ताईंच्या फोनवरही आला. त्याचा गोषवारा असा: दात दुखत नसेल तर दवाखान्याची पायरी चढू नका, तपासणी हे डॉक्टरांनी काढलेलं खूळ आहे. मशीनने सफाई केली की दात खिळखिळे होतात. आपल्या आज्या मशेरी लावायच्या, त्यांचे दात शेवटपर्यंत टिकले. टूथपेस्टमधलं फ्लोराइड विष आहे. दुधाचे दात पडणारच, त्यांवर पैसे घालू नका. वरची दाढ काढली की नजर जाते. आणि शेवटी, गरिबाने दात दुखला तर उपटून मोकळं व्हावं, बाकीचे उपचार पैसेवाल्यांसाठी आहेत.

मी दंतवैद्य आहे. तालुक्याच्या गावी एका ट्रस्टच्या दवाखान्यात बसते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण रोजंदारीवर जाणारे, वीटभट्टीवरचे, ऊसतोडीला जाणारे. तात्यांनी मजकूर वाईट हेतूने टाकला नाही हे मला ठाऊक आहे. एका खासगी दवाखान्यात त्यांना आधी न सांगता मोठं बिल लावलं होतं, तो राग त्यामागे आहे आणि तो रास्त आहे. पण ज्यांच्या भल्यासाठी त्यांनी तो पुढे पाठवला, त्यांचंच त्याने सर्वांत जास्त नुकसान होईल. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, दुखत नाही तर जायचं कशाला. दाताचं वरचं कवच हा शरीरातला सर्वांत कठीण भाग, पण त्यात नस नसते. कीड लागायला सुरुवात होते तेव्हा त्या जागी खडूसारखा पांढरा डाग दिसतो. दुखत काहीच नाही. एवढ्यावर लक्ष गेलं, गोड कमी केलं आणि फ्लोराइडची पेस्ट नीट वापरली तर तो डाग तिथेच थांबू शकतो, भरून येऊ शकतो. पुढे तो काळा पडतो, खड्डा होतो, तरी दुखत नाही, फार तर गार पाणी लागतं. कीड आतल्या नसेला भिडते तेव्हा रात्रीचा ठणका सुरू होतो. म्हणजे दुखायला लागेपर्यंत कीड बहुतेक काम उरकून बसलेली असते.

आता हिशेब पैशाचा. आमच्या भागात लहान खड्डा असतानाच सिमेंट भरून घेतलं तर पाचसहाशे रुपयांत भागतं. नस काढून वर कॅप बसवायची वेळ आली की खासगीत सहासात हजार लागतात. शेतात जाणाऱ्या बाईची मजुरी दिवसाला तीनशे धरा. पहिलं काम दोन दिवसांच्या मजुरीत होतं, दुसऱ्याला वीसपंचवीस दिवसांची मजुरी जाते. पैसेवाल्याने उशीर केला तर तो सात हजार भरतो आणि विसरतो. उशीर न परवडणारा माणूस गरीब असतो, आणि नेमकं त्यालाच हा मजकूर थांबायला सांगतो.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात एक मावशी मुलीची दाढ दाखवायला आल्या होत्या. सहज म्हणून मी त्यांचंही तोंड पाहिलं. खालच्या दाढेला काळा खड्डा होता. म्हटलं, “मावशी, आजच भरून घेऊ, अर्ध्या तासाचं काम आहे.” त्या म्हणाल्या, “दुखत न्हाई ना बाई, कारखान्यावरून आल्यावर बघू.” दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघाली. फडात दाढ ठणकायला लागली तेव्हा तिथून निघणं म्हणजे खाडा, आणि खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. त्यांनी दाढेत तंबाखू दाबून धरली, मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या आणि कोयता चालू ठेवला. फेब्रुवारीत त्यांना जीपमधून आणलं तेव्हा जबड्याखाली गळ्यापर्यंत सूज होती, तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं, थुंकी गिळता येत नव्हती. अशी सूज श्वासनलिकेवर दाबली तर जीव जातो. मी त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवलं, तिथे त्या सहा दिवस दाखल होत्या. त्या वाचल्या. पण त्यांचे सहा खाडे झाले, नवऱ्याचे सहा, शिवाय जीपचं भाडं आणि ते द्यायला मुकादमाकडून घेतलेली वाढीव उचल. सप्टेंबरातल्या अर्ध्या तासाची ही किंमत. (हे वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं लक्षात ठेवावं: दाताच्या दुखण्यात जबड्याखाली सूज, ताप आणि गिळायला त्रास, हे तिन्ही एकदम आले तर सकाळची वाट पाहू नका.)

‘उपटून मोकळं व्हावं’ याचं उत्तरही इथेच देते. दात काढून माणूस मोकळा होत नाही. शेजारचा दात रिकाम्या जागेत कलतो, समोरचा खाली उतरतो, दोघांमध्ये अन्न अडकायला लागतं आणि पुढची कीड तिथे लागते. एका बाजूने चावणं सुरू होतं. चाळिशीतच भाकरी कालवणात भिजवून खाणाऱ्या बाया मी रोज पाहते. शेंगदाणे, काकडी, पेरू त्यांच्या ताटातून कधी गेले हे त्यांनाही सांगता येत नाही. साखरेचा आजार असेल तर आणखी कठीण, कारण हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात राहत नाही आणि साखर वाढली की हिरड्या आणखी सुजतात.

दुसरा मुद्दा, सफाईने दात सैल होतात. ही समजूत कुठून आली ते मला नीट समजतं, कारण असं सांगणाऱ्या लोकांचा अनुभव खोटा नसतो. दातांच्या मुळाशी वर्षानुवर्षं किटण साचतं. त्याच्याखाली हिरडी सुजते, हाड झिजत जातं आणि दात आतून सैल होतो, पण दगडासारखं किटण सगळ्या दातांना एकत्र बांधून ठेवतं. ते काढलं की सैलपणा कळतो, फटी जिभेला लागतात, काही दिवस गार पाणी झोंबतं. म्हणून वाटतं, डॉक्टरने दात हलवले. किटण तसंच ठेवलं तर ते दात थोड्या वर्षांत आपोआप हातात येतात. ब्रश करताना रक्त येणं हा किटणाचा पहिला इशारा आहे. तेव्हाच सफाई केली तर हाड वाचतं.

तिसरा मुद्दा मशेरीचा. यावर मला थोडं थांबायचं आहे.

माझी आजीही मशेरी लावायची. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची. पहाटे उंबऱ्यावर बसून बोटाने हिरड्यांना लावायची तो वास मला अजून आठवतो. म्हणून मशेरी लावणाऱ्या बाईला मी कधी हिणवत नाही. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरडीवर घासलेलं निकोटिन थेट रक्तात जातं आणि सवय लावतं. सकाळची एक वेळ दुपार आणि रात्र धरून तीन वेळा होते, पोटुशी बाईही ती सोडू शकत नाही, आणि आईच्या डबीतून मुलगी नकळत शिकते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली. घरच्या तव्यावर तो कायदा पोचत नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास एक चतुर्थांश लोक धुराविना तंबाखू घेतात असं दिसलं. त्यात खैनी आणि मावा आहे, तशी मशेरीही आहे.

आज्यांचे दात टिकले, असं म्हणताना आपण टिकलेल्या आज्या मोजतो. ज्यांच्या गालाला जखम झाली आणि ती भरलीच नाही, त्या मोजायला उरल्या नाहीत. भारतात दरवर्षी तोंडाच्या कर्करोगाचे लाखाहून जास्त नवे रुग्ण सापडतात. आणि दात टिकले असतील तर त्याचं मोठं श्रेय ताटाला आहे. तेव्हा गूळ होता, पण दोन रुपयांची क्रीमची बिस्किटं, दिवसातून सहा वेळा गोड चहा आणि पाऊचमधलं सरबत नव्हतं.

तपासणी हे खूळ म्हणणाऱ्यांनी केरळचं एक काम जरूर जाणून घ्यावं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी गावोगाव लोकांची तोंडं तपासली. मोठी यंत्रं नव्हती, चांगला उजेड आणि शिकवलेली नजर एवढंच होतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या भागांत ३४ टक्क्यांनी कमी आढळले. तीच नजर घरीही वापरता येते. आरशासमोर गालाच्या आत, जिभेच्या कडेला आणि जिभेखाली पाहा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखटाची एकदम न सोसणारी आग, किंवा आपलीच तीन बोटं उभी तोंडात न मावणं, यातलं काहीही असेल तर दुखत नसलं तरी दाखवा. असा चट्टा बहुतेक वेळा दुखतच नाही.

फ्लोराइडचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलेलं असं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने मुलांचे दात तपकिरी होतात, मोठ्यांची हाडं आणि सांधे आखडतात. त्या गावांना पाण्याचा दुसरा स्रोत हवा, तो त्यांचा हक्क आहे. पण लिटर-लिटर पाणी पोटात जाणं वेगळं आणि दाताला पेस्ट लावून थुंकणं वेगळं. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचं प्रमाण दहा लाख भागांत एक हजारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून मोठ्याला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तेवढी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. दहा रुपयांच्या ट्यूबमध्येही ते मिळतं, फक्त पाकिटावर फ्लोराइड लिहिलंय ना ते पाहून घ्या.

दुधाचे दात पडणारच, हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तिसरी-चौथीतलं मूल दाढ दुखते म्हणून जेवत नाही, झोपत नाही, शाळेत डोकं टेकून बसतं. आणि सर्वांत मोठी फसगत सहाव्या वर्षी होते. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे गुपचूप एक नवी दाढ येते. तिच्या जागी कोणताही दात पडलेला नसतो, म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून दिलेल्या अशा दाढा मी आठव्या-नवव्या वर्षी काढल्या आहेत, आणि तेव्हा आईचा चेहरा पाहवत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, त्याच्या तपासणीत दातही आहेत. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि चिठ्ठी मिळाली तर दप्तरात विसरू नका.

वरची दाढ आणि डोळे यांचं उत्तर छोटं आहे. दाढेची संवेदना नेणारी नस वेगळी, नजरेची नस वेगळी. दाढ काढल्याने नजर जात नाही. दाढा काढायच्या वयात चाळिशीचा चष्माही लागतो, त्यामुळे दोन्ही जोडले गेले असावेत.

उरला शेवटचा मुद्दा, बाकी सगळं पैसेवाल्यांसाठी आहे. इथे मजकुराने एका खऱ्या जखमेवर बोट ठेवलंय, ते मी नाकारणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह उपचार निःशुल्क आहेत. जिल्हा आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत दंतविभाग आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबई महापालिकेचं नायर दंत रुग्णालय इथे खासगीच्या मानाने फार कमी पैशांत काम होतं. हे लोकांना सांगितलंच पाहिजे. पण मोफत खुर्ची चाळीस किलोमीटरवर असेल, ओपीडी सकाळचीच असेल आणि दात भरायला दोन-तीन खेपा लागणार असतील, तर मजुराच्या हिशेबात ती मोफत नाही. म्हणून लोक एका खेपेत दात काढून घेतात. तो त्यांचा अडाणीपणा नाही, त्यांनी केलेला हिशेबच आहे. बदलायला हवी ती व्यवस्था. १९८०च्या दशकात टांझानियात अशी पद्धत बसवली गेली की ज्यात वीज नको, मशीन नको. हाताच्या अवजारांनी कीड कोरायची आणि खड्ड्यात सिमेंट भरायचं. आज त्यासाठी वापरतात ते ग्लास आयनोमर सिमेंटही जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर, शाळेच्या वर्गात, कारखान्यावरच्या टोळीच्या तळावरही होऊ शकतं. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत मागायचं असेल तर हे मागा: आठवड्यातून एक दिवस संध्याकाळची ओपीडी, आणि टोळ्या निघण्यापूर्वी सप्टेंबरात दात तपासणी.

आम्ही आमच्यापुरतं एवढं केलं की गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, दवाखाना रात्री आठपर्यंत उघडा ठेवतो. बाया बाजार करून येतात, खाडा होत नाही. तात्या, तुमची नात जूनमध्ये सहा वर्षांची झाली. तिची मागची दाढ आली असेल. येत्या गुरुवारी बाजाराला याल तेव्हा तिला घेऊन या, आणि तुमचं तोंडही एकदा पाहू द्या. काय काम लागेल आणि किती पैसे होतील ते हात लावायच्या आधी कागदावर लिहून देईन.