वर्गात एक तरी ‘ढ’ हवाच

नवीन वर्ग हाती आला, की सगळ्यात आधी मुलं वाटून घ्या. पुस्तकं नंतर वाटली तरी चालतात. हुशार कोण, बरा कोण आणि ‘ढ’ कोण, हे जूनमध्येच ठरलं पाहिजे. ‘आधी मुलांना ओळखू, मग बघू’ हा वेळकाढूपणा अंगाशी येतो. शिक्षक मुलाकडून जी अपेक्षा ठेवतात तिचा मुलावर काय परिणाम होतो, यावरचे १८ प्रयोग संशोधक स्टीफन रॉडेनबुश यांनी १९८४ साली एकत्र तपासले. शिक्षक मुलांना दोनेक आठवडे ओळखत असले, की बाहेरून त्यांच्या डोक्यात घातलेलं मत मुलांवर फारसं चालत नाही, असं त्यात दिसलं. तेव्हा पंधरा जूनला शाळा उघडली तर महिनाअखेरपर्यंत उरकून टाका.

माहिती कुठून आणायची? स्टाफरूम कशासाठी आहे? गेल्या वर्षीच्या बाई चहा संपायच्या आत अर्धा वर्ग निकालात काढतात. ‘तो होय! त्याच्या थोरल्याला शिकवलंय मी. घरच तसलं.’ झालं काम. माहिती खरी असावी असंही काही नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि एक प्राथमिक मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी १९६४ साली अमेरिकेत दक्षिण सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शाळेत शिक्षकांना सांगितलं, की चाचणीनुसार ही ही मुलं यंदा झेप घेणार. नावं काढली होती निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी! वर्षअखेरीस पहिलीतल्या त्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी २७ अंकांनी वाढला, बाकीच्यांचा १२ अंकांनी. वरच्या इयत्तांत फरक जवळजवळ दिसलाच नाही आणि रॉबर्ट थॉर्नडाइक या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने त्या चाचणीचेच वाभाडे काढले, पण हे स्टाफरूममध्ये कशाला बोलायचं?

आता रोजचं काम. ओरडायची, मारायची गरज नाही. ते कायद्यातही बसत नाही. प्रश्न विचारा, ‘ढ’कडे एक नजर टाका आणि तो तोंड उघडायच्या आत ‘सांग रे’ म्हणत पहिल्या बाकाकडे वळा. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं: शिक्षक उत्तराची वाट सरासरी जेमतेम सेकंदभर पाहतात आणि ज्यांना हुशार समजतात त्यांच्यासाठी जास्त थांबतात. तो जादा सेकंद वाया घालवू नका. हुशार चुकला तर ‘विचार कर, येतंय तुला’ म्हणा. ‘ढ’ चुकला तर काही न बोलता पुढे सरका; वही तपासताना नुसती फुली मारा, का चुकलं ते लिहू नका. आणि त्याला खडू आणायला, फळा पुसायला, ऑफिसात निरोप द्यायला पाठवत जा. बिचाऱ्यालाही वाटतं, सर आपल्याला मानतात. तेवढ्यात अपूर्णांक शिकवून होतात.

‘ढ’ निवडताना मात्र डोकं वापरा. ली जसीम आणि केंट हार्बर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली सगळं संशोधन चाळून सांगितलं, की शिक्षकांच्या अपेक्षेचा हा परिणाम एरवी बेताचाच असतो. समाजाने आधीच कमी लेखलेल्या मुलांवर तो जोरात चालू शकतो. म्हणजे डॉक्टरच्या मुलावर मेहनत फुकट. आडनाव बघा, वस्ती बघा, बाप काय करतो ते वर्गासमोर विचारा. उत्तर प्रदेशात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर नव्हती तेव्हा दलित मुलं सवर्ण मुलांच्या तोडीस तोड होती. सगळ्यांदेखत जात पुकारली आणि ती मागे पडली. आपल्याकडे शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला ‘कॅटॅगरीवाले उभे राहा’ म्हणतात, तो आवाज जरा मोठा ठेवलात तरी भागेल.

एवढं करूनही एखादा ‘ढ’ सहामाहीत ऐंशी मार्क काढतो. घाबरू नका. रोझेन्थालच्या त्या शाळेतही यादीत नसताना पुढे गेलेली मुलं शिक्षकांना फारशी रुचली नव्हती. पेपर हातात धरून सगळ्यांसमोर विचारा, ‘कुणाचं बघून लिहिलंस?’ तो गप्प राहिला तर कॉपी सिद्ध. बोलला तर उद्धट. पालकसभेत आईला सांगा, ‘यावेळी पेपर सोपा होता हो.’