‘१८० मागितलं, १२० गळ्यात मारलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

दादा, नमस्कार. तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. मासेमारीच्या बोटीला १८० एचपीच्या इंजिनाऐवजी १२० चं दिलं आणि स्पीड वाढला नाही, ट्रायलला काळा धूर आला आणि पंख्याचं (प्रोपेलरचं) बिल वर लावलं, १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठूनही बोट आठ दिवस मिरकरवाडा बंदरात बांधून राहिली, आणि आता मागे थरथरते, असं तुम्ही लिहिलंय.

आठ दिवसांबद्दल माझ्याकडे सबब नाही. पहिल्या कोळंबीचे दिवस गेले. माफी मागतो.

पंख्याचं म्हणाल तर तुमचं जुनं ८८ एचपीचं इंजिन १५०० आरपीएमचं, पंखा त्याच्या मापाचा. नवं १८०० चं, गिअर मात्र तोच ३ ला १. पंखा मिनिटाला ५०० ऐवजी ६०० फिरवायचा तर ताकद पावणेदोनपट लागते, म्हणजे दीडशे एचपी. म्हणून इंजिन १६५० वर अडकलं आणि न जळलेलं डिझेल धूर होऊन बाहेर पडलं. पिच, म्हणजे पंख्याच्या पात्यांचा तिरकसपणा, कमी केल्यावर १८०० गाठले. तुम्हीच एक्झॉस्टपुढे पांढरं फडकं धरून बघितलंत, काळं झालं नाही. पण हे गणित मी आधी करून कोटेशनमध्ये लिहायला हवं होतं. ते माझं चुकलं. पंख्याचे पैसे परत करतो.

१८० ला मात्र मी आजही नाहीच म्हणेन. तुमच्या बोटीची पाण्याच्या रेषेवरची लांबी ४२ फूट आहे. अशी लाकडी बोट साडेआठ नॉटच्या आसपास थांबते. पुढे रेटली की मागून बसते आणि नुसतं डिझेल जातं. जाळं ओढताना तर तुम्ही ३ नॉटवर असता. तिथे मोठा, सावकाश फिरणारा पंखा लागतो. आणि जुनं इंजिन काढलं तेव्हा बेडच्या, म्हणजे इंजिन बसतं त्या बैठकीच्या, लाकडात स्क्रूड्रायव्हर दोन बोटं आत गेला, आठवतंय? तो तुकडा आपण बदलला, पण बाजूचं लाकूड जुनंच आहे. त्यावर १८० चा जोर टाकायला माझा हात धजला नाही. त्याच लाकडावर तुमचे खलाशी असतात.

थरथरीचं लगेच बघू. पाण्यात लाकूड फुगतं, बोट बसते आणि इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या शाफ्टची (दांड्याची) लाइन थोडी सरकते. बोट वर ओढू नका, बर्फ-डिझेल भरलेलं असतानाच धक्क्याला लावा. कपलिंग (गिअर आणि शाफ्टचा जोड) सोडून चारी बाजूंनी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघतो. याचे पैसे घेणार नाही.