मीठ चवीनुसार, फाइव्ह नाइन

माझ्या जुन्या हॅम (म्हणजे हौशी) रेडिओ सेटला माइकचं सॉकेट एकच आहे आणि त्यातून बोलणारे दोन. सकाळी चाळीस मीटर बँडच्या नेटवर (म्हणजे हॅम मंडळींच्या हवेतल्या कट्ट्यावर, इंटरनेटवर नव्हे) मी बोलतो, रात्री ७०७४ किलोहर्ट्झला एफटी८वर संगणक बोलतो. दोघांच्या तारा एकाच सॉकेटात आणायच्या, एवढंच काम. त्यात माझे चार रविवार गेले.

एफटी८ ही २०१७ साली जोसेफ टेलर यांनी एका सहकाऱ्याबरोबर काढलेली पद्धत. हे टेलर म्हणजे १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या लावून दोन संगणक एकमेकांना शिट्ट्या मारतात आणि कानाला नुसती खरखर वाटते तिच्यातून ब्राझील निघतं. नोबेलवाल्यांनी अवघड भाग उरकला. कुठली तार कुठे, ते माझ्याकडे आलं.

संगणकाचा आवाज व्होल्टात, माइकचा मिलिव्होल्टात. सरळ जोडणं म्हणजे पाहुण्याने पाणी मागावं आणि आपण टँकर बोलवावा. म्हणून पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून दोन रेझिस्टन्स आणि एक टॉगल स्विच आणून साबणाच्या डबीत बसवले. स्विच डावीकडे असला की मी, उजवीकडे असला की संगणक. 'फाइव्ह नाइन' (सिग्नल स्वच्छ आणि दणदणीत, अशी हॅम भाषेतली पावती) ऐकायच्या तयारीत थाटात नेटवर गेलो, तर कोल्हापूरचे ओएम म्हणाले, "ओएम, मागं पिठाची गिरणी चालू हाय काय?" (हॅम लोकांत पुरुष जन्मतःच ओएम, म्हणजे ओल्ड मॅन. मिसरूड फुटायची अट नाही.)

गिरणी म्हणजे ग्राउंड लूप. संगणकाचं आणि सेटचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी येऊन माझ्या केबलच्या शिल्डमध्ये भेटत होतं आणि ५० हर्ट्झची मेन्स तिथे दळत बसली होती. पुन्हा विठोबा. या खेपेला एकास एकचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. हा सोवळ्यातल्या आजीसारखा असतो. तारेला तार शिवू देत नाही, पण वाढप व्यवस्थित करतो.

पीटीटीची, म्हणजे सेटला 'आता प्रसारण कर' सांगणारी, तार ओढायचा मात्र मी कंटाळा केला आणि व्हॉक्स चालू ठेवला. व्हॉक्स म्हणजे आवाज आला की सेट आपणहून प्रसारण सुरू करतो. आळशी माणसाची सोय.

एकादशीच्या आदल्या रात्री संगणकाने परस्पर अपडेट उरकून घेतलं आणि घरच्या स्पीकरला बाजूला सारून मुख्य स्पीकर म्हणून 'यूएसबी ऑडिओ'ची नेमणूक केली. हा यूएसबी ऑडिओ म्हणजे माझ्या डबीत जाणारी तार. सकाळी मी सेट नेटवर लावला, ऐकता ऐकता चहा टाकायला उठलो. आमची एक्सवायएल (हॅममंडळी बायकोला असं म्हणतात, बायकोसमोर म्हणत नाहीत) साबुदाणा वड्याची कृती बघायला संगणकापाशी बसली.

"अहो, आवाजच येत नाहीये."

"वाढव ना," मी स्वयंपाकघरातून.

"वाढवला. शंभरावर आहे."

"मग व्हिडिओच तसला असेल."

चहा घेऊन आलो तेव्हा सेटवरचा प्रसारणाचा लाल दिवा पेटलेला, काटा नाचत होता आणि पडद्यावरच्या बाई हसतमुखाने, निःशब्द, बटाटा किसत होत्या. कृतीमागे बासरी होती, हे मला नंतर कळलं. आपल्या हौशी परवान्यात संगीत प्रसारित करायला सक्त मनाई आहे. साबुदाण्याबद्दल स्पष्ट काही म्हटलेलं नाही.

मी व्हिडिओ थांबवला, माइक हातात घेतला आणि दोन मिनिटं अगदी मनापासून माफी मागितली. कोणी ब्र काढेना. मग साबणाच्या डबीकडे लक्ष गेलं. स्विच उजवीकडे.

तो डावीकडे ओढून पुन्हा माफी मागायला तोंड उघडणार, तोच कोल्हापूर आलं.

"ओएम, मीठ चवीनुसार इथंपर्यंत फाइव्ह नाइन कॉपी. पुढं फेडिंग झालं, मिरच्या किती ते राहिलं. आणि हो, गिरणी गेली बघा."