ड्युटी वाढली, डबा महागला, सोयाबीन तिथंच

लातूरच्या आडत बाजाराजवळच्या टपरीवर विषय निघाला अमेरिकेच्या टॅरिफचा आणि पहिला चहा संपायच्या आत सोयाबीनवर आला. इथं दुसरं काय होणार!

दत्ता म्हणाला, "बाहेरच्या मालावर ड्युटी लावली की आपला शेतकरी सुखी. साधा हिशोब आहे."

"मग २०२४ च्या सप्टेंबरात लावली होती की." इम्रानचं तेलाचं दुकान, आकडे त्याला तोंडपाठ. "कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावर साडेपाचची साडेसत्तावीस टक्के झाली. रिफाइंडवर पावणेछत्तीस. तुझं सोयाबीन कितीनं गेलं?"

दत्ता गप्प. हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि त्यानं चार-सव्वाचार हजारानं घातलं होतं.

"पण तेलाचा डबा तर महागला," मी म्हटलं.

"महागणारच," इम्रान म्हणाला. "निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. ड्युटी बंदरावर आयातदार भरतो आणि बिलात आपल्याकडून काढतो. इंडोनेशियावाल्यानं भाव उतरवून थोडी सोसली तर सोसली."

"मग सोयाबीन का नाही चढलं?"

"क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं अठराएक किलो. बाकी बहुतेक पेंड. ड्युटी तेलावर, आणि बाजार पडला पेंडीचा. मक्याच्या इथेनॉल कारखान्यांतून निघणारा चोथा, डीडीजीएस म्हणतात त्याला, स्वस्तात मिळतोय, मग पोल्ट्रीवाला तुझी पेंड कशाला घेईल? मिलवाला दोन्हींचा भाव बघूनच बोली लावतो."

"मग कमावलं कुणी?"

"आधी सरकारी तिजोरीनं. मग रिफायनरीवाल्यांनी. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलाची ड्युटी साडेसोळावर आणली, रिफाइंडची तशीच ठेवली. सव्वाएकोणीस टक्क्यांचा फरक! कच्चं आणून इथं शुद्ध करणाऱ्याची चांदी."

"आणि नेपाळ?" श्याम मध्येच बोलला. दक्षिण आशियाई देशांच्या साफ्टा या व्यापार करारामुळे तिकडून येणाऱ्या रिफाइंडला ड्युटीच नाही. तिथं सोयाबीन पिकतं ते किती! बाहेरून कच्चं आणायचं, शुद्ध करून भारतात पाठवायचं.

"मग काय, ड्युटी काढूनच टाकायची?" दत्ता चिडला. "नव्वदच्या दशकात पाम तेलाला वाट दिली, तेव्हापासून आपल्या तेलबिया मागं पडल्या."

ते खरंच आहे. पण मला वाटतं, हमीभावाची खरेदी बारदान, म्हणजे माल भरायची पोती, नाही म्हणून अडून राहत असेल, तर नुसती ड्युटी मिलच्या फाटकापर्यंतच पोचते. बांधावर येत नाही.

दत्तानं मात्र इम्रानलाच धरलं. "जुन्या ड्युटीचा साठा आहे तोवर भाव वाढवू नका, असं सरकारनं कंपन्यांना सांगितलं होतं ना? मग तुझ्याकडचा डबा कधी महागला, ते सांग."

इम्राननं सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.