केमो चालू आहे म्हणून खाटच धरायची?

घरात कुणाला कॅन्सर निघाला की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला हमखास येतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच: पेशंटने पूर्ण आराम करावा, व्यायामाने रक्त जोरात फिरून कॅन्सर पसरतो, स्तनाचं ऑपरेशन झालं असेल तर त्या हाताने जन्मभर काही उचलू नये, आणि थकवा आला म्हणजे शरीर झोप मागतंय. खाली हात जोडलेले असतात, त्यामुळे वाद घालायला कुणी धजत नाही. मी घालते. या सल्ल्यात खऱ्याचे काही कण आहेत, पण मोजक्या पेशंटना, मोजक्या दिवसांसाठी सांगितलेलं पथ्य त्यात सगळ्यांच्या गळ्यात कायमचं अडकवलंय.

‘रक्त जोरात फिरतं, कॅन्सर पसरतो’

सगळ्यात जास्त भीती याचीच, म्हणून आधी हाच मुद्दा. गाठीतल्या पेशी रक्तावाटे दुसरीकडे जाऊन रुजू शकतात, हे खरं. पण त्या रुजतात की नाही हे त्या पेशींच्या स्वभावावर आणि शरीराच्या प्रतिकारावर ठरतं, तुम्ही जिना चढलात की लिफ्टने गेलात यावर नाही. नाडी तर तापातही वाढते आणि सुनेशी वाजलं तरी वाढते.

याची परीक्षा माणसांवर झालेली आहे. ‘चॅलेंज’ नावाच्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ पेशंट होते, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. सगळ्यांचं ऑपरेशन आणि केमो उरकलेली. निम्म्यांना आहार-व्यायामाची माहितीपुस्तिका दिली, निम्म्यांना पुस्तिकेसोबत ३ वर्षं व्यायामाचा कार्यक्रम. निकाल २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आजार न उलटता ५ वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, पुस्तिकेच्या गटात ७३.९ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ टक्के विरुद्ध ८३.२ टक्के. व्यायामाने कॅन्सर पसरत असता तर हे आकडे उलटे आले असते.

त्रास झालाच नाही असं नाही. स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायाम करणाऱ्यांत १८.५ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ११.५ टक्के. आणि ही चाचणी एका प्रकारच्या कॅन्सरची आहे, तिचे आकडे जसेच्या तसे फुप्फुसाच्या किंवा रक्ताच्या कॅन्सरला लावता येणार नाहीत.

मला यात आकड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. व्यायाम म्हणजे फार काही नव्हतं. आधी जेवढी हालचाल होती त्यात आठवड्यातून तीन-चारदा पाऊण ते एक तास भरभर चालण्याएवढी भर घातली की झालं. पण पहिले ६ महिने दर दोन आठवड्यांनी एक प्रशिक्षक पेशंटला प्रत्यक्ष भेटत होता, पुढेही ३ वर्षं संपर्क सुटला नाही. फरक पडला तो या पाठपुराव्याने, कारण ‘चालत जा’ हे पुस्तिकेतही लिहिलेलं होतंच. आपल्याकडे ओपीडीत डॉक्टर दोन मिनिटांत हेच सांगतात आणि घरी आल्यावर भाऊ म्हणतो, ‘ताई, तू पडून राहा.’ भावाने त्यापेक्षा चपला घालून सोबत निघावं.

‘ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने काही उचलू नका’

काखेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या की काहींच्या हाताला सूज येते आणि ती चिवट असते. त्या भीतीपोटी बायका हात छातीशी धरून ठेवतात, वेणीसुद्धा दुसऱ्या हाताने घालतात. खांदा आखडतो. मग रेडिएशनच्या टेबलावर तोच हात डोक्यामागे नेऊन ठेवायला सांगतात आणि तो जात नाही. म्हणून तर फिजिओ लवकरच भिंतीचा व्यायाम देतात: भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चढवायची, पोचतील तिथे पेन्सिलने खूण करायची. उद्या खूण थोडी वर गेली पाहिजे.

वजनाचं म्हणाल तर २००९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रिया. निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, अगदी हलक्यापासून सुरुवात करून, हातावर घट्ट बसणारी स्लीव्ह घालून. सूज वाढली नाही. उलट ती अचानक उसळण्याचं प्रमाण १४ टक्के राहिलं, न उचलणाऱ्यांत २९ टक्के. याचा अर्थ पहिल्याच दिवशी भरली कळशी उचला असा नाही. पण दुधाची पिशवीही नको म्हणणं म्हणजे हात आपणच कमजोर करणं.

‘थकवा आला की झोपा’

केमोचा थकवा झोपून जात नाही, हे ज्याला झालाय त्याला विचारा. दहा तास झोपूनही अंग शिशासारखंच. पडून राहिलं की स्नायू झडतात, मग बाथरूमपर्यंत जाण्यानेही दम लागतो, म्हणून आणखी पडून राहायचं. २०१७ मध्ये ११३ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. त्यात या थकव्यावर व्यायाम औषधांपेक्षा जास्त उपयोगी ठरला होता. केमोनंतरच्या दोन-तीन वाईट दिवसांत गॅलरीत पाच मिनिटांच्या दोन फेऱ्या पुरे. एरवी चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग.

मग थांबायचं कुणी?

ताप, छातीत दुखणं, चक्कर, नव्याने सुरू झालेलं हाडाचं दुखणं असेल तर व्यायाम नाही, थेट डॉक्टर. प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन फार उतरलं असेल तर आधी विचारा. पांढऱ्या पेशी कमी असताना पोहण्याचा तलाव आणि गर्दीची जिम टाळा. कॅन्सर हाडात गेला असेल तर वाकणं, पिळणं, वजन उचलणं फिजिओने ठरवून द्यावं. केमोतलं लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) किंवा हृदयावर परिणाम करणारं दुसरं काही चालू असेल, तर इको (हृदयाची सोनोग्राफी) कसा आला ते विचारून घ्या.

आता ‘चॅलेंज’ चाचणीच्या जोरावर उलटा फॉरवर्डही निघेल: चाला, केमोची गरजच नाही. तो आला तर ग्रुपवर एवढंच लिहा, की त्या ८८९ जणांचं ऑपरेशन आणि केमो आधी झाली होती, चालणं नंतर.