१९५० की १९९२? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, भारताने इस्रायलशी राजनैतिक संबंध १९९२ मध्ये जोडले, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "मान्यता १९५० मध्येच दिली होती, मग १९९२ हे साल कुठून उपटलंत? आधी अभ्यास करा." शिवाय लेख लांबलाय, नकाशा नाही, पोर्तुगाल राहिला, वगैरे.

मतभेदाला माझी ना नाही, पण 'उपटलंत' ही काय भाषा झाली? परराष्ट्र व्यवहार शिकवण्यात हयात गेली माझी. अभ्यासाचे सल्ले जरा जपून द्यावेत.

भारताने इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० ला दिलेली मान्यता लेखात आहे. आपण तिथवर पोचला नसाल. मान्यता एकट्याने देता येते. राजनैतिक संबंधांना आणि वकिलातीला दोन्ही देशांची संमती लागते. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २ वाचा. संमतीनंतर राजदूताचं नाव आधी गुपचूप यजमान देशाकडे जातं. तो नाही म्हणू शकतो, आणि कारण द्यायला बांधील नसतो. होकार आला की नेमणूक, मग राष्ट्रप्रमुखापुढे अधिकारपत्र, म्हणजे नेमणुकीचं पत्र, सादर करायचं. भारत आणि इस्रायल यांच्यात संबंध जुळले २९ जानेवारी १९९२ ला, हे सगळं त्यानंतरचं.

मुंबईत १९५३ पासून इस्रायलचा वाणिज्य दूतावास होता, त्यावर दोन ओळी जास्त चालल्या असत्या, एवढं आपलं खरं. पण वाणिज्यदूत पाहणार व्हिसा, व्यापार, आपल्या नागरिकांच्या अडचणी. त्याची ऊठबस स्थानिक अधिकाऱ्यांशी. दिल्लीशी राजकीय वाटाघाटी करणं हे त्याचं काम नव्हे. १९८२ मध्ये तिथल्या वाणिज्यदूताने वर्तमानपत्राला मुलाखत देऊन भारताच्या धोरणावर तोंडसुख घेतलं, तर त्याला गाशा गुंडाळावा लागला.

आणि मान्यता म्हणजेच सगळं, असं म्हणणाऱ्यांनी चीनकडे बघावं. १९६२ च्या युद्धातही संबंध तोडले गेले नाहीत. दोन्ही राजधान्यांतल्या वकिलाती उघड्या होत्या, राजदूत मात्र नव्हते. १९७६ मध्ये के. आर. नारायणन राजदूत म्हणून जाईपर्यंत आपला तिथला कारभार प्रभारी दूतांनी, म्हणजे राजदूताविना वकिलात सांभाळणाऱ्यांनी, हाकला. प्रभारी दूताचं पत्र परराष्ट्रमंत्र्याच्या नावे असतं, राष्ट्रप्रमुखाच्या नव्हे. त्यावरूनच दर्जा कळतो. म्हणजे मान्यता होती, संबंध होते, वकिलातही होती, आणि राजदूताची खुर्ची रिकामी. आपल्या हिशेबात हे कुठे बसवणार?

पोर्तुगालशी १९५५ मध्ये तुटलेले संबंध १९७४ च्या अखेरीस जुळले. तो वेगळ्या लेखाचा विषय. नकाशाचं बघू. लांबीचं म्हणाल, तर वाचायची सक्ती कुणी केली नव्हती.